पहिल्या धारेची

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे कडक. गोव्यात उलटंच! काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा भट्टीवर चढवला की निघते ती उर्राक, सौम्य. तीच पुन्हा गाळली की फेणी. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते फेणीला. उर्राक बिचारी उन्हाळ्यापुरती, फार टिकतही नाही.

एप्रिलात मित्राच्या घरी गेलो तेव्हा मला मात्र तीच आवडली. मुळीच गोड नाही. आधी बोंडांचा तो उग्र वास (पहिल्या घोटाला नाक मुरडाल!), मग लिंबू, सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. सोबत तळलेला बांगडा. तेलकट, खारट घासानंतर जीभ अशी स्वच्छ होते की पुढचा घास नवा लागतो.

मित्राची आजीही पंगतीत बसून, गप्पा मारत एक पेला घेत होती. आमच्या पेडगावात हे कुणाला सांगणार? तिथे धाकटे काका अंधारात, उपाशीपोटी प्यायचे आणि काकू ताट झाकून बसायची.

शेवटी काकूलाच फोनवर सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “जेवता जेवता पीत होत्या?”

हो म्हटलं. मग बराच वेळ ती काही बोललीच नाही.