बावीस अक्षरे

कविता शिकवण्याला आम्हां दोघींना वीस वर्षे होत आली. या काळात कवितेवर आम्ही बरेच लिहिले. कविता मात्र एकदाही नाही. समीक्षा करणाऱ्याने तो मोह टाळावा, असे आम्ही एकमेकींना सांगत असू. खरे कारण भीतीचे होते.

यंदा फेब्रुवारीत ती भीतीही उरली नाही, कारण काहीच उरले नव्हते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मूल्यांकनाच्या फायली, ऑनलाइन भरायचे तक्ते यांत मन पार शिणून गेले होते. वर्गात आपण गेल्या वर्षीचीच वाक्ये त्याच स्वरात उच्चारतो आहोत, हे लक्षात येऊनही वाईट वाटेना. त्याचीच धास्ती वाटली. आमच्यापैकी एकीने राजीनाम्याचा मसुदाही करून ठेवला होता.

अशा एका संध्याकाळी रिकाम्या स्टाफरूममध्ये पाठकोऱ्या कागदावर आम्ही अभंग लिहायला बसलो. मुक्तच्छंद जाणूनबुजून टाळला. मोकळ्या माळावर कुठे वळावे हे ठरवण्याइतकेही बळ नव्हते. मोठ्या अभंगाचा हिशेब सरळ असतो: सहा, सहा, सहा, चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. लघुगुरूची कटकट नाही, जोडाक्षर एकच धरायचे. फळ्यावर हे आम्ही किती वेळा लिहिले असेल! ‘काही कविता’मध्ये (१९४७) मर्ढेकरांनी यंत्रयुगातले वैफल्य याच जुन्या साच्यात ओतले, हेही सांगत आलो.

बोटांवर मोजताना मात्र एक गोष्ट प्रथमच उमगली. तीन चरणांत जमलेली लय चौथ्यात दोन अक्षरे आधीच थांबते. तिथे विशेषणाला जागा नाही, स्पष्टीकरणाला तर नाहीच. परात्मता, अर्थशून्यता, मूल्यऱ्हास हे आमचे नेहमीचे शब्द तिथे आणून पाहिले. काही मोजणीत बसत नव्हते. जे बसले ते खोटे वाटले. शेवटी खरे ठरले ते ‘झोप हवी’.

दोन तासांत एवढे एकच कडवे झाले. ते चांगले नाही. एखाद्या विद्यार्थिनीने आणले असते, तर तिसऱ्या चरणातले भरीचे शब्द आम्ही तिला लगेच दाखवले असते. थकवाही गेला नाही. मसुदा अजून खणात आहे. त्यावर तारीख घातलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आपापल्या वर्गात तुकारामांचा अभंग वाचताना चौथ्या चरणानंतर आम्ही लगेच विवेचनाकडे वळलो नाही. दोन अक्षरांइतके थांबलो.