खळ्याची जागा

‘तात्पुरते’ या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. तात्पुरती नेमणूक, तात्पुरती सोय, तात्पुरता निवारा असे आपण म्हणतो तेव्हा काहीतरी उणे आहे हे गृहीतच धरलेले असते. तथापि आपल्या कृषिजीवनात एक तात्पुरती जागा अशी होती की तिच्यावाचून वर्षाचे पीक घरात येणे शक्य नव्हते. ती जागा म्हणजे खळे. जमीन चोपून, पाणी शिंपून, शेणाने सारवून ती तयार करायची. मधोमध तिवडा रोवायचा, त्याभोवती बैलांची पात फिरवायची, वावडीवर उभे राहून वाऱ्यावर उफणायचे आणि शेवटी रास करायची. धान्य कणगीत गेले, कडबा गंजीला लागला, की खळे पुन्हा मोकळे. घरात किती धान्य येणार यावरून खळ्याचा आकार ठरत नसे. कणसे, भूस, बैल आणि माणसे एका वेळी मावतील एवढे ते मोठे असावे लागे.

हे सारे विस्ताराने सांगण्याचे कारण काहीसे साहित्यबाह्य वाटेल. गेल्या काही महिन्यांत मला खळ्याची जी उमज पडली ती शेतात पडली नाही, संगणकापुढे बसून पडली. अर्थात त्यामागे एक भाषिक काम होते, म्हणून त्याची हकीकत या ठिकाणी सांगण्यास हरकत नसावी.

मिरजगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या) कर्जत तालुक्यातले, नगर-सोलापूर रस्त्यावरचे गाव. हा भाग कोरडवाहू, रब्बी ज्वारीचा. पूर्वेला बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका लागून असल्याने इथल्या बोलीत नगरी आणि मराठवाडी वळणे शेजारी शेजारी नांदताना आढळतात. विद्यार्थ्यांच्या मदतीने या परिसरातले शेतीचे आणि घरकामाचे शब्द गोळा करण्याचे काम आम्ही हाती घेतले. मोट गेली तसे नाडा, सौंदर, थारोळे, धाव हे शब्द बोलण्यातून गेले. मळणीयंत्र आले तसे तिवडा, पात आणि वावडी गेली. ज्यांनी स्वतः मोट हाकली ती माणसे आता बहुधा ऐंशीच्या पुढची आहेत. असा एक आजोबा गेला की एखादा कोश मिटावा तसे होते, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसते.

विद्यार्थी शब्द आणत, शब्दाचे वाक्य आणत, सांगणाऱ्याचे गाव, वय आणि व्यवसाय टिपून आणत. हे वह्यांत ठेवणे अवघड होऊ लागले तेव्हा संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने ‘पोस्टग्रेस’ या मोफत मिळणाऱ्या रिलेशनल डेटाबेसमध्ये टेबले आखून दिली. शब्दांचे एक टेबल, वाक्यांचे दुसरे, सांगणाऱ्यांचे तिसरे. चौथ्या टेबलात मोल्सवर्थच्या कोशातले नोंदशब्द घेतले. १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत आणि शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात ती आवृत्ती संगणकावर शोधता येते. आम्हाला जो प्रश्न विचारायचा होता तो साधा होता. आमच्या गावांतले कोणते शब्द मोल्सवर्थला ठाऊक होते आणि कोणते त्याच्या जाळ्यातून निसटले?

हा प्रश्न यंत्राला विचारला की बराच वेळ काही घडत नसे आणि मग तात्पुरत्या फायलीत लिहिता येत नाही, डिस्कवर जागा उरलेली नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश उमटे. त्याच वेळी शेजारच्या खोलीत शब्द भरत बसलेल्या विद्यार्थिनीलाही जागा नसल्याचा संदेश येई आणि तिची नोंद साठवली जात नसे. तिचा या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. मात्र संदेशानंतर लगेच डिस्क पाहावी तर निम्म्याहून अधिक मोकळी! दोनतीनदा असे झाल्यावर नवी, मोठी डिस्क घ्यावी असे ठरू लागले. विभागाच्या हाती असलेली रक्कम तुटपुंजी. डिस्क घेतली असती तर विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवण्याचे भाडे त्या वर्षापुरते संपले असते. वर्षभर थांबायला डिस्क तयार असते. ऐंशी-पंच्याऐंशीची माणसे तयार असतातच असे नाही.

म्हणून आधी दुखणे समजून घ्यायचे ठरवले. रिलेशनल पद्धतीची मूळ मांडणी एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली केली. तिचे सामर्थ्य असे की विचारणाऱ्याने काय हवे तेवढे सांगायचे. ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवायचे. ही सोय मोठीच आहे. परंतु तिच्यामुळे विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून खळे नाहीसे होते. त्याला प्रश्न दिसतो आणि उत्तर दिसते. मधली मळणी कोठे झाली, तिला किती जागा लागली, हे त्याला दिसत नाही.

ही मळणी कशी होते ते चिठ्ठ्यांच्या उदाहरणाने सांगता येईल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाचे काम सुरू झाले. त्यासाठी सुमारे १,५०० ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या. एखाद्या शब्दाच्या चिठ्ठ्या काळानुसार लावायच्या तर कपाट कितीही प्रशस्त असले तरी तेवढ्याने भागत नाही, समोर मोकळे टेबल लागते. चिठ्ठ्या टेबलावर मावल्या तर काम झटपट होते. न मावल्यास मावतील तेवढ्या लावून त्यांचा गठ्ठा बांधावा लागतो, तो जमिनीवर ठेवून दुसरा गठ्ठा लावावा लागतो आणि अखेरीस सगळे गठ्ठे सोडून त्यांची एकच रांग करावी लागते. यंत्रही असेच करते. टेबल म्हणजे स्मृतीतली जागा. पोस्टग्रेसमध्ये एका क्रमवारीसाठी ती मुळात ४ मेगाबाइट असते. त्याबाहेरचे गठ्ठे डिस्कवर तात्पुरत्या फायलींच्या रूपाने ठेवले जातात. काम संपले, किंवा मध्येच फसले, की यंत्र त्या फायली स्वतःच पुसून टाकते. डिस्क मोकळी का दिसत होती याचा उलगडा येथे होतो. आपण पाहायला जाईपर्यंत धूळपाटी पुसली गेलेली असते.

भास्कराचार्यांच्या परंपरेत अंकगणिताला ‘धूलिकर्म’ असेही नाव होते. पाटीवर धूळ पसरून आकडे मांडायचे, पुसायचे, पुन्हा मांडायचे. उत्तर तेवढे शिल्लक राही. दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल्-उक्लिदिसी या गणितज्ञाने धूळपाटीऐवजी शाई आणि कागद वापरण्याचा आग्रह धरला. कागदावर मधल्या पायऱ्या टिकून राहतात आणि चूक कोठे झाली हे मागे जाऊन पाहता येते, हा कागदाचा मोठा लाभ आहे. आमच्या सहकाऱ्यानेही वस्तुतः तेच केले. पोस्टग्रेसमध्ये ‘लॉग टेम्प फाइल्स’ नावाची सेटिंग आहे. ती शून्यावर ठेवली की प्रत्येक तात्पुरती फाइल पुसली जाताना तिचा आकार नोंदवहीत उतरतो. एका रात्रीत चित्र स्पष्ट झाले. नोंदी भरणारी विद्यार्थिनी, ध्वनिमुद्रणांच्या याद्या, रोजचे अहवाल, यांतल्या कोणाचाही वाटा नाव घेण्याजोगा नव्हता. सगळी जागा आमच्या त्या एका साध्या प्रश्नाने व्यापली होती. ज्याच्या पडद्यावर संदेश उमटतो तोच जागा अडवून बसलेला असतो असे नाही, ही गोष्ट अशा प्रसंगी प्रथम ध्यानात ठेवावी.

मग ‘एक्स्प्लेन’ या आज्ञेने त्या प्रश्नाचा आराखडा यंत्राकडून काढून घेतला. या आज्ञेत प्रश्न प्रत्यक्ष चालवला जात नाही, यंत्र केवळ आपला बेत सांगते. प्रत्यक्ष चालवून मोजमाप घेणारी ‘एक्स्प्लेन अनॅलाइझ’ ही आज्ञा संपूर्ण साठ्यावर दिली असती तर पुन्हा जागा संपली असती, म्हणून ती एकट्या ‘ख’ अक्षरापुरती दिली. दुखणे तेथेच सापडले, आणि ते भाषेचे निघाले.

आमच्या विद्यार्थ्यांनी ऐकला तसा शब्द लिहिला होता: ‘खळं’. प्रमाण लेखनात तो ‘खळे’. मोल्सवर्थच्या काळच्या लेखनात ‘खळें’. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेला, परंतु जुन्या कोशात तो जागोजाग आहे. ही तीन रूपे एकमेकांना भेटावीत म्हणून प्रश्नात अशी मुभा ठेवली होती की पहिली दोन अक्षरे जुळली तर शब्द जुळला असे मानावे. त्यामुळे ‘खळं’ला ‘खळ’, ‘खळखळ’, ‘खळगा’, ‘खळणे’ असे सगळेच येऊन चिकटले. त्यातच शब्दाला त्याची वाक्ये आणि सांगणारे जोडायचे होते. समजा एका शब्दाला कोशातल्या ३० नोंदी जुळल्या, त्याची वाक्ये ४० आणि सांगणारे २५, आणि हे तिन्ही एकमेकांशी न बांधता शब्दाला वेगवेगळे जोडले, तर त्या एका शब्दाच्या ३०,००० ओळी तयार होतात. प्रत्येक ओळीत संपूर्ण वाक्य आणि सांगणाऱ्याची सारी माहिती. शेवटी ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे ‘पुनरुक्ती वगळा’ अशी आज्ञा. ती पाळण्यासाठी यंत्राने हा सगळा ढीग लावायला घेतला आणि खळे अपुरे पडले. कणगीत जाणारे धान्य मूठभर होते. मळायला मात्र सगळ्या शिवारातले गवत आणून टाकले होते.

उपाय व्याकरणातून मिळाला. प्रत्येक शब्दाशेजारी तुलनेपुरते एक रूप साठवायचे. त्यात सगळे इकार-उकार ऱ्हस्व करायचे आणि नपुंसकलिंगी शब्दाच्या शेवटचे ‘ं’, ‘े’ व ‘ें’ हे एकच मानायचे. आमच्या शब्दांना आणि मोल्सवर्थच्या नोंदींना हाच नियम लावला, त्या रूपावर इंडेक्स केला आणि अंदाजाने जुळवण्याऐवजी नेमकी बरोबरी विचारली. वाक्ये आणि सांगणारे पहिल्या फेरीत जोडलेच नाहीत. शब्दांची यादी तयार झाल्यावर हव्या त्या शब्दांपुरती ती आणली. पुनरुक्ती निर्माणच होत नसल्याने ती वगळण्याची आज्ञाही काढता आली. प्रश्न जुन्याच डिस्कवर चालला आणि नोंदवहीत त्याची तात्पुरती फाइल दिसेनाशी झाली.

जागेची टंचाई नेहमीच अशी भ्रामक असते असे मात्र मला सुचवायचे नाही. साठा खरोखर मोठा असेल, प्रश्न शक्य तितका नेटका केला असेल, तरीही खळे पुरत नसेल, तर ते वाढवलेच पाहिजे. त्यासाठी तात्पुरत्या फायली वेगळ्या डिस्कवर ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. तशी केली की एकाच्या मळणीपायी दुसऱ्याची नोंद अडत नाही. एका वेळी एकाने किती तात्पुरती जागा वापरावी याची मर्यादाही घालता येते. स्मृतीतली जागा वाढवताना मात्र सावध राहावे. ती मर्यादा प्रत्येक क्रमवारीला वेगळी लागू होते, आणि एका वेळी दहा जणांनी प्रश्न विचारले तर ती दहापट आणि त्याहूनही अधिक होऊ शकते. सरसकट वाढवण्यापेक्षा अवजड प्रश्नापुरती वाढवणे श्रेयस्कर. आम्ही शेवटी मर्यादा तेवढी घालून ठेवली, नोंदवहीही चालूच ठेवली.

साहित्याच्या अभ्यासकाला यात काय घेण्याजोगे आहे, असे कोणी विचारील. आपल्याकडे साठ्याचा अभिमान फार. किती हस्तलिखिते, किती शब्द, किती पाने, हे आकडे अहवालात सहज येतात. पाठभेद शेजारी शेजारी मांडून पाहण्याचे टेबल, टाकून दिलेला कच्चा खर्डा, कोश रचताना वर्षानुवर्षे चाललेली लावालाव, यांना कोणत्याही अहवालात रकाना नसतो, कारण काम पुरे झाले की ती स्वतःला पुसून टाकतात. जे दिसत नाही ते कमी पडले की दोष दिसणाऱ्या गोष्टीवर जातो आणि आपण मोठी कणगी घ्यायला निघतो. त्याआधी मधल्या जागेत काय आणून टाकले आहे हे पाहण्याची सवय आपल्या विषयातही लागायला हवी.

मोल्सवर्थमध्ये न सापडलेल्या शब्दांची यादी आता हाती आहे. तिच्यातले काही शब्द केवळ उच्चारभेदाने वेगळे दिसत असतील, काही ऐकण्यात चुकले असतील. ते एकेक करून माणसानेच तपासायचे आहेत. डिस्कचे पैसे शिल्लक राहिले. त्यातून विद्यार्थ्यांची आणखी एक फेरी ठरली आहे, आणि या खेपेला आधी कोणाकडे जायचे तो क्रम सांगणाऱ्यांच्या वयाप्रमाणे लावला आहे.