परतीच्या वाटेवर

पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीस्थळी बंजारा मित्रासोबत आम्ही दोन दिवस काढले. मुक्काम त्याच्याच व्हॅनमध्ये. सतरंजी, स्टोव्ह बरोबर. परतताना दिग्रस, दारव्हा मागे पडले अन् मित्र बोलू लागला.

"भाऊ, तेलंगणातली आत्या अनुसूचित जमाती, कर्नाटकातली मावशी अनुसूचित जाती अन् मी इथं विमुक्त जाती. गोरबोली मात्र तिघांची एकच!"

आम्हांला आपलेच आठवले. १९५६ साली धम्म स्वीकारला. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळायला १९९० उजाडले. त्या ३४ वर्षांत आमचे कित्येक वडीलधारे नोकरीच्या वयाबाहेर गेले. मित्र हे प्रथमच ऐकत होता.

यवतमाळला चहा झाला. पैसे कुणी द्यायचे यावर हुज्जतही. नागपूर गाठायला मध्यरात्र झाली. मुलाच्या जात पडताळणीची फाईल घेऊन तो रविवारी आमच्याकडे येतो आहे.