बेताचा ताण

पोट हा माणसाच्या शरीरातला सर्वांत भोचक अवयव असावा. घरात काय चालले आहे, ते त्याला डोक्याच्या आधी कळते. आमच्या नातीच्या पोटाला तर वारसुद्धा कळू लागले होते. रविवारी तर्री-पोहे मुकाट्याने पचवणारे हे पोट, सोमवारी सराव-परीक्षा असली की सकाळी सहापासून दुखू लागे.

ही गोष्ट 2023 सालच्या दिवाळीनंतरची. नात पाचवीत होती आणि फेब्रुवारीत तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. तिच्या बापाच्या वेळी ही परीक्षा चौथीत होत असे; 2017 पासून ती पाचवीत आली होती. दोन पेपर, प्रत्येकी 150 गुणांचे. दीड तासात 75 प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला एक गोल काळा करायचा. आमच्या घरी त्या गोलांचा असा धसका बसला होता, की पोर थाळीपीठाच्या भोकाकडेसुद्धा संशयाने पाही.

पोटावर इलाज सुरू झाले. आमच्या सौ.ने ओवा आणि सैंधव दिले. सूनबाईंनी दुधावर ठपका ठेवला. शेवटी धंतोलीत डॉक्टरांना दाखवले. त्यांनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली आणि विचारले, "पोटात काही नाही. शाळेत काही आहे का?"

"नाटकं आहेत!" चिरंजीवांनी घरी येताच निकाल दिला. "पेपर संपला की बघा कशी बागडते!"

बागडत असे हे खरे. पण म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. समोर वाघ उभा असो की गणिताचा पेपर, भ्यालेले शरीर तयारी एकाच प्रकारची करते. छाती धडधडते, तळहात ओले होतात, आणि पळण्यालढण्याच्या घाईत पचनाचे काम बाजूला पडते. वाघ गेला की पोट पुन्हा कामाला लागते. त्यात नाटक कसले?

पण हे शहाणपण मला नंतर आले. त्या वेळी मी आजोबांचा हक्क बजावून उपदेशच केला. "घाबरायचं काय त्यात? आम्ही नाही का परीक्षा दिल्या!"

वाचकहो, ही शुद्ध लबाडी होती. 1971 साली अकरावीला बसलो, तेव्हा बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी मी महालातल्या आमच्या वाड्याच्या मोरीत दोनदा ओकलो होतो. टेकडीच्या गणपतीला नारळ बोलूनही पेपर हातात आल्यावर पहिली वीस मिनिटे अक्षर दिसेना. कसाबसा पास झालो. ही हकीकत मी सौ.लाही कधी सांगितली नव्हती. घरात माझी ख्याती 'गणितात पक्का' अशी होती, आणि ती मीच पसरवली होती.

एके रात्री जेवताना मी चिरंजीवांना म्हटले, "तिला इतकं रागावत जाऊ नकोस."

त्याने ताटातून मान वर केली नाही. म्हणाला, "बाबा, दहावीत माझंही पोट दुखायचं. तुम्ही काय म्हणायचात, आठवतं?"

मला आठवत नव्हते. त्याला शब्दन् शब्द आठवत होते. "'नाटकं पुरेत. ऊठ, चल.' रोज सकाळी."

घास हातातच राहिला. वडिलांकडून मला घर मिळाले, चार पितळेची भांडी मिळाली. ती मी मुलाला देणार होतोच. पण हे वाक्य मी केव्हा देऊन बसलो, ते मलाच कळले नव्हते. रागवायचे तरी कुणावर? आपलाच शब्द आपल्या घरात फिरत होता.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे काटोलकडे मेहुण्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलो. नात गाडीतून उतरली ती थबकलीच. झाडांची पाने मलूल झाली होती, काही गळून खाली पडली होती. जमिनीला भेगा गेल्या होत्या.

"मामाआजोबा, तुम्ही झाडांना पाणी का नाही देत?" तिचे डोळे भरून आले.

बगीचा राखणारे म्हातारे बाबाजी हसले. "बाई, तो ताण देल्ला हाय. काही दिस पानी तोडलं का झाडाची वाढ थांबते. मंग पानी देल्लं का पाय कसा फुलोरा येते! आंबिया बहार म्हंतेत त्याले."

"म्हणजे मला आहे तसा ताण?" डॉक्टरांच्या तोंडचा शब्द तिने बरोबर उचलला होता.

"असंन. पन जमीन पाहून द्या लागते. हलक्या जमिनीत थोडे दिस, काळ्या भारी जमिनीत जास्त. एकाच मापानं साऱ्याइले ताण देल्ला, तं हलक्या जमिनीतलं झाड वाळूनच जाइन. आन् तोडतानी पयलं पानी बेतानंच. एकदम भसाभस नाही."

मी चिरंजीवांकडे पाहिले. तो दूर एका झाडाशी पाने चाचपत उभा होता. पण ऐकत होता.

अमेरिकेतल्या यर्क्स आणि डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनी 1908 साली उंदरांवर प्रयोग करून असेच काहीसे मांडले, असे मी पुढे वाचले. काम अवघड असेल, तर धाक अगदी थोडा असूनही चालत नाही आणि फार असूनही नाही. मधला बेत साधावा लागतो. बाबाजींनी यर्क्स वाचला नव्हता. त्यांनी झाडे वाचली होती.

परतताना गाडीत मी नातीला मोरीतली हकीकत सांगितली. सगळी, नारळासकट. ती आधी पोट धरून हसली, मग हळूच विचारले, "आबा, तुम्हालासुद्धा?" त्या एका 'सुद्धा'ने जे केले, ते ओव्याने केले नव्हते.

घरी आल्यावर आम्ही काही साध्या गोष्टी ठरवल्या. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवायचा, म्हणजे घड्याळ ओळखीचे होईल. येत नसलेला प्रश्न सोडून पुढे जायचे. रात्री साडेनऊला दिवा बंद. उजळणी राहिली तर राहिली. धडधडू लागले की श्वास सावकाश सोडायचा, घेतला त्याहून लांब. पेपरच्या आधी दहा मिनिटे, कशाची भीती वाटते ते कागदावर लिहून काढायचे. 2011 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी हा उपाय शाळेतल्या मुलांवर करून पाहिला, तेव्हा धास्ती घेणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झालेला दिसला. आमच्या नातीच्या पहिल्या कागदावर एकच ओळ होती: 'मार्क कमी पडले तर बाबा बोलणार नाहीत.'

तो कागद चिरंजीवांनी वाचला. काही न बोलता घडी करून खिशात ठेवला. त्या दिवसापासून शाळेतून आल्यावर 'किती पडले?' हा प्रश्न घरातून हद्दपार झाला. त्याऐवजी तो विचारू लागला, "कोणता प्रश्न मजेदार होता?"

पोट लगेच थांबले, असे सांगितले तर ती पुन्हा लबाडी होईल. दुखणे कमी होत गेले, एवढेच. ज्यांचे मूल जेवत नाही, झोपत नाही, शाळेचे नाव काढताच थरथरते, त्यांनी मात्र आमच्यासारखे घरगुती प्रयोग करीत बसू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवाही 14416 वर 2022 पासून आहे.

परीक्षा झाली त्याच सुमारास मेहुण्यांचा फोन आला, "बगीचा पांढरा झालाय, वास घ्यायला या." परीक्षेचा निकाल यथावकाश लागला. नात पास झाली. शिष्यवृत्ती काही मिळाली नाही. चिरंजीवांनी निकाल पाहिला, क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "चला, फुटाळ्यावर आइसक्रीम खाऊ." त्या क्षणभराची किंमत मला ठाऊक होती. मला 1998 साली ती देता आली नव्हती.

पुढल्या दिवाळीला त्याच झाडांची संत्री टोपलीभर घरी आली. सहामाही नुकतीच होऊन गेली होती. तिच्या आदल्या रात्रीचे चित्र मला आठवते. चिरंजीव तिच्या उशाशी बसला होता.

"काय, पोट कसं आहे?"

"दुखतंय थोडं," ती पांघरूण ओढत म्हणाली, "पण बेताचं."