सीमेपलीकडचं कॉलेज

गेल्या मे महिन्यात निपाणीला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला जाणं झालं. गोव्याहून निपाणीला जायचे दोन रस्ते. एक चोर्ला घाटातून बेळगाव आणि तिथून हमरस्त्याने वर. दुसरा सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा. मला दुसरा आवडतो. आंबोलीचा गारवा मिळतो, आजऱ्याला घनसाळ तांदूळ घेता येतो, आणि शेवटी तवंदी घाट लागतो. तवंदी हे कवयित्री इंदिरा संत यांचं गाव, हे दर खेपेला मी गाडीत सगळ्यांना सांगतो आणि दर खेपेला मुलगी म्हणते, "बाबा, माहीत आहे."

बायको या रस्त्यावर एरवी झोपते. या खेपेला मात्र टक्क जागी होती. तिच्या बी.ए.च्या वर्गाचा मेळावा होता. १९९६ साली पदवी घेतलेला वर्ग. बावीस जणांपैकी सतरा येणार होते, आणि त्या सतरा जणांची नावं, गावं, मुलंबाळं असा सगळा इतिहास आम्हाला पणजीपासून ऐकावा लागत होता.

खरं सांगायचं तर मला जरा हेवा वाटत होता. मी शिकलो मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजात. नाव सांगत नाही, पण सांगितलं तर तुम्ही "वा!" म्हणाल. आमच्या वर्गात सव्वाशे मुलं. माझा रोल नंबर एकशे चौदा. तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाने मला नावाने हाक मारली नाही. पुढे एकदा दाखल्यासाठी गेलो, तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "नंबर?" कॉलेजचं नाव माझ्या बायोडेटात अजून शोभून दिसतं, पण तिथे परत जावं असं मला कधी वाटलेलं नाही.

आणि माझी बायको? ती निपाणीच्या देवचंद कॉलेजचं नाव काढलं की माहेरचं नाव काढल्यासारखी हळवी होते. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, मी तिला यावरून चिडवत आलोय. "अगं, अख्ख्या गावाबाहेर कुणाला ठाऊक तरी आहे का तुझं कॉलेज?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "अहो, ते गावाबाहेरच आहे!"

आता यातली गंमत गोव्याच्या वाचकांना सांगायला हवी. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. पण देवचंद कॉलेज आहे अर्जुननगरला, आणि अर्जुननगर महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. गावाची वस्ती संपते न संपते तोच राज्य बदलतं. कॉलेज शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. म्हणजे माझी बायको तीन वर्षं रोज सकाळी कर्नाटकातल्या घरी चहा पिऊन महाराष्ट्रात शिकायला जायची आणि दुपारी जेवायला कर्नाटकात परत यायची. चालत.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाने अहवाल दिला. त्यात बेळगाव म्हैसूरकडेच राहावं पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कारण बेळगाव सोडायचं नव्हतं. निपाणी राहिली तिथेच. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या भानगडीत साठच्या दशकाच्या सुरुवातीला कुणीतरी सीमेच्या पलीकडे, पण गावाला पायी जाता येईल इतक्या जवळ, कॉलेज उभं केलं. नकाशा समोर ठेवला की ती जागा का निवडली असेल हे सांगावं लागत नाही. गाव हलवता येत नव्हतं, पण मराठी मुलांना मराठी विद्यापीठापर्यंत नेता येत होतं.

हे ऐकून मला नेहमी आमच्या मामाची आठवण येते. मामानेही सीमा ओलांडूनच बी.ए. केलं. फक्त त्याची सीमा दोन देशांमधली होती.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात लिसेव होतं, वैद्यकीय शाळा होती, पण साधं बी.ए. करायचं तर कॉलेज नव्हतं. धेंपे आणि चौगुले ही कॉलेजं निघाली मुक्तीनंतर, १९६२ साली. त्याआधीची आमची मुलं बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, पुणे, मुंबई गाठायची. मामा १९५० साली बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात गेला. सावंतवाडीच्या राणीसाहेबांचं नाव असलेलं हे कॉलेज १९४५ साली सुरू झालेलं, म्हणजे तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं. मडगावला आगगाडीत बसायचं, कुळ्याला पोर्तुगीजांची तपासणी, घाट चढून कॅसलरॉकला हिंदुस्थान सरकारची तपासणी, मग लोंढा, मग बेळगाव. ट्रंकेतल्या पुस्तकांकडे दोन्हीकडचे शिपाई सारख्याच संशयाने बघत, असं मामा सांगायचा. त्याचं शिक्षण १९५४ ला संपलं म्हणून बरं. १९५५ साली ती वाटच बंद झाली.

पु. ल. देशपांडे काही काळ याच कॉलेजात शिकवायला होते. मामा त्यांच्या वर्गात बसला होता की नव्हता, हे त्याने शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. विचारलं की नुसता हसायचा. पण बेळगावचं नाव निघालं की ऐंशीच्या वयातही त्याचा चेहरा बदलायचा. "एवढं काय होतं रे मामा त्या कॉलेजात?" असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "तुका कळचें ना." आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. मला खरंच कळत नव्हतं. रोल नंबर एकशे चौदाला कसं कळणार?

असो. तर मेळावा.

निपाणी हे तंबाखूचं गाव. वखारींवरून जाताना अजूनही नाकाला तो वास कळतो. शिंका देणाऱ्या त्या धुरळ्यात बायकांच्या पिढ्या राबल्या. त्यांच्या संघटनेवर १९८२ साली 'तंबाकू चाकिला ओब आली' हा माहितीपट निघाला. त्याआधी १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी पुणे-बंगलोर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले आणि शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. बायको तेव्हा सहा वर्षांची. रस्ताभर बैलगाड्या आणि माणसंच माणसं, एवढं तिला आठवतं. या दोन्ही चळवळींत पुढे असलेले सुभाष जोशी पेशाने प्राध्यापक. आणि पिठाची गिरणी चालवता चालवता कष्टकऱ्यांच्या कथा लिहिणारे महादेव मोरे याच गावचे. ते २०२४ साली गेले. सांगायचा मुद्दा हा, की या गावात शिकणं आणि राबणं ही दोन वेगळी घरं नव्हती.

ते त्या मेळाव्यात दिसलं. सतरा म्हणता म्हणता एकोणीस जण आले. एकाचं किराणा दुकान, एक एसटीत वाहक, दोन शिक्षिका, एक शेती बघणारा, एकीने बालवाडी काढलेली. मोठ्या पगाराचं कुणी नाही. एक बाई आल्या त्या हातावर मेंदी काढून, लेकीचं लग्न चार दिवसांवर. "तरी आलासा?" कुणीतरी विचारलं. "मग! लगीन काय पळून जातंय?"

या बाईंची गोष्ट बायकोने मला रात्री सांगितली. त्यांची आई वखारीत कामाला. पहिल्या वर्षी सहामाहीला ही मुलगी पंधरा दिवस आलीच नाही. मराठीचे सर सायकल काढून घरी गेले. आई आजारी होती, तिच्या जागी मुलगी वखारीत जात होती. सरांनी भाषण दिलं नाही. वर्गातल्या दोन मुलींना रोज संध्याकाळी वही घेऊन तिच्याकडे जायला सांगितलं. त्या दोघींतली एक माझी बायको. पंचवीस वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

सर मेळाव्याला आले होते. आता ऐंशीच्या घरात, काठी टेकत. हजेरी घ्यायचा कार्यक्रम ठेवलेला. त्यांच्या हातात कागद नव्हता. "सौंदलगा!" ते म्हणाले, आणि दुकानवाला उठून उभा राहिला. "बेनाडी!" शेतकरी उठला. सर तेव्हाही गावाच्या नावाने हाक मारायचे म्हणे. एकोणीसपैकी एकच चुकलं, आणि त्या बाईंनी "सर, मी ती न्हवं!" म्हटल्यावर सगळ्यात जास्त सरच हसले.

जेवताना मी वाहकाच्या शेजारी बसलो. मामाला विचारलेला प्रश्न त्याला विचारला. एवढं काय होतं त्या कॉलेजात? तो भाकरी मोडता मोडता थांबला. म्हणाला, "आता बघा पावणं, हितल्या हापिसात गेलं की म्हंत्यात कन्नड येतंय का. कोल्हापुरात नोकरी मागाय गेलं की म्हंत्यात, तुम्ही कर्नाटकातलं. कॉलेजात तेवढं तीन वर्षं कुनी इचारलं न्हाई, तू कुठला म्हणून. त्यास्नी ठावंच असायचं."

यात रडगाणं नव्हतं. पण नुकसान झालेलं होतंच. महाराष्ट्राची पदवी, कर्नाटकचा पत्ता, यात या वर्गातल्या काही जणांची उमेदीची वर्षं गेली. चांगलं कॉलेज मिळालं म्हणून नोकरी मिळते असं नाही. माया लावणाऱ्या शिक्षकालाही सीमाप्रश्न सोडवता येत नाही. हे त्या एकोणीस जणांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरीही ते आले होते.

अमेरिकेत 'लिबरल आर्ट्स कॉलेज' नावाचा प्रकार आहे. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर अशी नावं. सगळी मिळून दीड-दोन हजार मुलं, छोटे वर्ग, साहित्य-इतिहास-तत्त्वज्ञान-विज्ञान सगळं थोडं थोडं शिकायचं, आणि मास्तरांच्या घरी जाऊन जेवायचं. त्यासाठी तिथले पालक डोळे पांढरे होतील एवढे पैसे मोजतात. आपल्याकडे ज्यांच्या वाट्याला असा छोटा वर्ग फुकटात आला, त्यांची आपण "आर्ट्स केलंय का? बरं, बरं" म्हणून बोळवण करतो. यात मीही आलो.

मीही आलो असं म्हणतो, त्याला कारण आहे. मुलगी यंदा बारावी झाली. तिला गोव्यातच, घराजवळच्या छोट्या कॉलेजात मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. करायचं आहे. मी पुण्याच्या एका चकचकीत विद्यापीठाचं माहितीपत्रक आणून ठेवलं होतं. दोन महिने घरात यावरून धुसफूस चालली होती. "मराठीच्या वर्गात दहाच मुलं असतात गं," हा माझा शेवटचा मुद्दा असायचा. जणू दहा हा आकडा म्हणजे आजार.

परतीच्या वाटेवर आंबोलीला चहाला थांबलो. मुलगी मेळाव्यातले फोटो बघत होती. अचानक म्हणाली, "बाबा, तुमच्या वर्गाचा मेळावा कधी असतो?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. बशीत चहा ओतत राहिली.

मी म्हटलं, "त्या कॉलेजचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा आहे?"

मामा असता तर त्याला सांगितलं असतं, आता थोडं थोडं कळतंय.