पंखा बंद करणारा हात

अण्णांच्या खिशातली चुन्याची पुडी मी दोन बोटांत दाबत बसलो होतो. ती फुटली आणि चुना थेट उजव्या डोळ्यात गेला. मी ८ वर्षांचा होतो. शेजारच्या काकूंनी मला न्हाणीत नेलं आणि हंड्यातलं पाणी तांब्यामागून तांब्या डोळ्यावर ओतत राहिल्या. चुना धुऊन काढला नाही तर तो आत आत भाजत जातो, हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. डोळा वाचला तो त्या पाण्यामुळे. पण बुबुळावर फूल पडलं ते पडलंच.

अण्णांनी त्या दिवशी तंबाखू सोडली. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

फूल म्हणजे पारपटलावरचा पांढरा व्रण. डोळ्याची ही पुढची पारदर्शक काच मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. शाळेत असताना मला वाटायचं, बघण्याचं काम भिंग करतं. प्रत्यक्षात प्रकाशकिरण सर्वांत जास्त वळतात ते या काचेपाशी, जवळजवळ दोन तृतीयांश. आतलं भिंग जवळ-लांबचं तेवढं जुळवून घेतं. माझं भिंग, दृष्टिपटल, मेंदूकडे जाणारी नस, सगळं ठणठणीत होतं. घर धडधाकट, फक्त खिडकीला चुना फासलेला. त्या डोळ्याला ऊन-सावली कळायची, माणूस कळायचा नाही.

३१व्या वर्षी तिथे दुसऱ्या कुणाचं तरी पारपटल बसलं. केसाहून बारीक दोऱ्याचे १६ टाके. पट्टी निघाल्याबरोबर लख्ख दिसलं, असं झालं नाही. महिनोन् महिने थेंब घालत राहिलो, टाके एकेक करून निघत गेले आणि एका सकाळी स्टँडवर डावा डोळा झाकून मी एस्टीची पाटी वाचली : पंढरपूर.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो अश्रूंतून, बाहेरच्या हवेतून. रक्त नाही म्हणून ते पारदर्शक, आणि परक्या शरीरात ते इतर अवयवांपेक्षा सहज सामावतं, त्याचंही एक मोठं कारण हेच. रक्ताच्या नात्याचं आपण केवढं कौतुक करतो! मला मिळालेल्या देण्यात रक्ताचा थेंबही नव्हता.

पारपटल बसवण्याचं हे काम माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा साधलं ७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्स इथे. डॉक्टर एडुआर्ड झिर्म, रुग्ण आलोइस ग्लोगार नावाचा मजूर. त्याचेही डोळे चुन्यानेच भाजले होते. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. त्याला बसवलेलं पारपटल कार्ल ब्राउअर या ११ वर्षांच्या मुलाचं होतं. जखमेमुळे त्याचा डोळा काढावा लागला होता. ग्लोगारच्या एका डोळ्यात ते टिकलं. मी ज्यांचं देणं लागतो, त्यांत हा मुलगाही आहे.

माझा दाता कोण, हे नेत्रपेढी सांगत नाही. बाई की पुरुष, तेही मला ठाऊक नाही. पुढे नेत्रदानाच्या सूचना वाचल्या, तेव्हा मात्र दात्याच्या जोडीला आणखी कुणीतरी दिसू लागलं. पारपटलाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. तो सतत पाणी उपसत राहतो, म्हणून काच स्वच्छ राहते. या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. पथक येईतो घरच्यांनी पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा; वाऱ्याने बुबुळ सुकतं. रडारड चाललेल्या कुठल्याशा घरात कुणीतरी उठून बटण बंद केलं असेल, डोळे पुसत फोन लावला असेल. त्या हाताला मी मनातल्या मनात कितीदा नमस्कार केला आहे.

अण्णा मे महिन्यात गेले. उकाडा असह्य, खोली माणसांनी भरलेली. मी उठून पंखा बंद केला.

"अरे, पंखा का बंद केलास?" कुणीतरी विचारलं.

"राहू दे बंद," काकू म्हणाल्या. पाठीत वाकलेल्या काकू भिंत धरून आत गेल्या आणि कापूस भिजवायला तांब्याभर पाणी घेऊन आल्या.