बेडूक खाली आलाच नाही

हिंजवडीच्या ऑफिसात माझ्या क्युबिकलच्या भिंतीवर बरीच वर्षं एक फोटो होता. लालभडक फुलावर बसलेला हिरवागार बेडूक, बोटांमधले केशरी पडदे पसरलेले, डोळे थेट कॅमेऱ्यात. मलबार ग्लायडिंग फ्रॉग. २०१९च्या जुलैमध्ये आंबोलीला काढलेला. कंपनीच्या फोटो स्पर्धेत तो पहिला आला आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये जुलैच्या पानावर झळकला. खाली ओळ होती, 'नैसर्गिक अधिवासात'. कँटीनमध्ये लोक थांबवून विचारायचे, "काय पेशन्स आहे गं तुझा! किती तास बसली होतीस?"

मी नुसती हसायचे. कारण खरं उत्तर होतं, दीड मिनिट.

ती भानगड पुढे सांगते. आधी बोर्निओ.

वाइल्डलाइफ फोटोग्राफीचा किडा एकदा चावला की माणूस ताडोबावर थांबत नाही. लेन्सचा ईएमआय फिटला आणि मला रेनफॉरेस्ट खुणावू लागलं. २०२४च्या एप्रिलमध्ये दोन वर्षांचा बोनस आणि साठवलेल्या सगळ्या सुट्ट्या एका दमात उडवून मी एका फोटो टूरला नाव नोंदवलं. मलेशियातलं साबाह राज्य, म्हणजे बोर्निओ बेटाचं उत्तरेकडचं टोक. आठ दिवस, सहा जण, एक गाईड. ग्रुपमध्ये पुण्याचं एक जोडपं, बंगळुरूच्या दोघी मैत्रिणी, दादरचे एक निवृत्त बँकवाले काका आणि मी. काकांची लेन्स माझ्या हातापेक्षा लांब होती. गाईड तिथलाच, चाळिशीचा. त्याला सगळे 'आबांग' म्हणत. मलायमध्ये आबांग म्हणजे मोठा भाऊ. थोडक्यात, आपला दादाच!

संडाकानला उतरताना खिडकीतून खाली सगळं हिरवंगार दिसलं. मी खूश! म्हटलं, आलं जंगल. विमान आणखी खाली आलं तेव्हा कळलं, झाडं ओळीत उभी आहेत. कुणीतरी फणीने भांग पाडावा तशी. ती पाम तेलाची लागवड होती. संडाकानहून सुकाऊ गावाकडे जाताना गाडीच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल तेच. आबांग पुढच्या सीटवरून सहज म्हणाला, "जगात सगळ्यात जास्त पाम तेल तुमचा देश आयात करतो." माझ्या हातात घरून आणलेल्या शेवेचं पाकीट होतं. उलटं करून वाचलं. दुसऱ्याच ओळीत 'पाम तेल'. पाकीट गुपचूप बॅगेत गेलं.

सुकाऊ किनाबातांगान नदीकाठी आहे. ५६० किलोमीटर लांबीची ही साबाहमधली सगळ्यात मोठी नदी. सकाळ-संध्याकाळ होडीतून फिरायचं आणि फोटो काढायचे. प्राणी इतके दिसले की विचारू नका! नाकाड्या माकडांच्या टोळ्याच्या टोळ्या, धनेश, मगरी. ही माकडं बोर्निओ सोडून जगात कुठेही नाहीत. नराचं नाक असं लोंबतं की स्थानिक लोकांनी त्याला 'डच माकड' असं नाव ठेवलं होतं. गोऱ्या साहेबावर याहून गोड सूड कुठे असणार?

"इथे इतके प्राणी कसे काय?" मी विचारलं.

"कारण त्यांना जायला दुसरीकडे जागा नाही," आबांग म्हणाला. नदीच्या काठाने जंगलाची चिंचोळी पट्टी उरली आहे. तिचे तुकडे २००५मध्ये अभयारण्य म्हणून राखले गेले. त्यापलीकडे पुन्हा पामच्या रांगा. म्हणजे आमची सफारी सोपी होती, कारण त्यांची जागा संपली होती. पुढचे काही फोटो मी जरा कमी उत्साहाने काढले.

आबांगचे नियम पहिल्याच दिवशी कळले. इंजिन बंद करून मगच जवळ जायचं. प्राण्याने पाठ फिरवली तर फिरवली, शुकशुक करायचं नाही, टाळी वाजवायची नाही. रात्री मोठ्या डोळ्यांच्या प्राण्यांवर फ्लॅश मारायचा नाही. त्याच्या तोंडी दोनच शब्द असायचे. 'बोले' म्हणजे चालेल आणि 'तिडाक बोले' म्हणजे चालणार नाही. काकांनी तिसऱ्या दिवशी हिशेब मांडला, "हा बोले कमी बोलतो आणि तिडाक बोले जास्त!"

त्याच दिवशी ओरांगउटान दिसली. ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल. आई आणि पिल्लू, झाडाच्या पार वर, आमच्याकडे पाठ करून. ती रोज रात्री फांद्या मोडून नवं घरटं करते आणि एका पिल्लानंतर दुसरं व्हायला सहा ते आठ वर्षं जातात. मागे पांढरं आभाळ होतं, त्यामुळे फोटोत नुसता काळा गोळा येत होता. आबांगने एक्स्पोजर दीड स्टॉपने वाढवायला सांगितलं आणि काळ्या गोळ्यातून तांबूस केस उमटले. वीस मिनिटांनी त्याने होडी वळवली. मला एकही चेहरा मिळाला नव्हता. एवढा खर्च करून पाठ? रात्री डायरीत मी मोठ्या रागाने लिहिलं, 'गाईड कडक आहे. रिझल्ट झीरो.'

पाचव्या दिवशी आम्ही लाहाद दातूमार्गे दानुम व्हॅलीला गेलो. शहर सोडल्यावर सुमारे ८० किलोमीटर आत, मोठा भाग कच्च्या रस्त्याने. आणि मग खरं जंगल! ४३८ चौरस किलोमीटरचं, कधीही लागवडीखाली न गेलेलं. इथल्या एका मेरांती झाडाची उंची १००.८ मीटर मोजली गेली आहे. म्हणजे तीसेक मजली टॉवर, फक्त लिफ्ट नाही. खाली उजेड इतका कमी की भरदुपारी आयएसओ ३२००. एसी खोलीतून बाहेर पडलं की लेन्सवर वाफ धरायची, म्हणून कॅमेरा आधी अर्धा तास व्हरांड्यात ठेवायचा. आणि जळवा! पायांत गुडघ्यापर्यंतचे खास मोजे असले तरी त्या पानांवरून हातावर यायच्या. वाघासारखे पट्टे असलेली जळू चावली की चक्क कळतं. कोकणात आजोळ असलेल्या मुलीला जळवांचं काय, असं मी आधी मिरवलं होतं. पहिली मानेवर चढली तेव्हा सर्वांत मोठ्याने मीच किंचाळले.

माझ्या यादीत एकच नाव लाल पेनाने लिहिलेलं होतं. वॉलेसचा उडता बेडूक. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५०च्या दशकात बोर्निओच्या सारावाक भागात होता, तेव्हा एका चिनी कामगाराने त्याला हा बेडूक आणून दिला आणि सांगितलं की हा उंच झाडावरून उडाल्यासारखा तिरका खाली आला. वॉलेसने १८६९च्या आपल्या पुस्तकात ते लिहिलं. हिरवं अंग आणि पायांच्या बोटांमध्ये मोठे काळे पडदे. आपल्या आंबोलीच्या बेडकाचा बोर्निओतला चुलतभाऊच म्हणा ना. दोघांचे फोटो शेजारी-शेजारी लावायचे, भिंतीवरची जागासुद्धा मी ठरवून ठेवली होती.

सातव्या रात्री जोरदार पाऊस झाला. थांबल्यावर आबांगने दार ठोठावलं, "चला, आज खाली येतील." हा बेडूक आयुष्य उंच झाडांवर काढतो. फक्त विणीसाठी, पावसानंतर, डबक्यांपाशी उतरतो. आम्ही टॉर्च लावून चिखल तुडवत एका डबक्यापाशी पोहोचलो. चारीकडून डराँव डराँव. आणि आबांगचा टॉर्च एका फांदीवर थांबला.

तो होता! जमिनीपासून बारा-तेरा फूट वर. पानाआड, आमच्याकडे पाठ करून. खालून दिसत होतं फिकट पोट आणि दुमडलेले काळे पडदे.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. बेडूक ढिम्म. काका माझ्या कानाशी कुजबुजले, "अगं, विचार ना त्याला, काठीने जरा फांदी खाली ओढता येईल का. उद्या तर निघायचंय."

काकांचं नाव कशाला घेऊ? माझ्याही मनात तेच होतं. मी विचारलं. आणि वर, आपण किती जाणकार आहोत हे दाखवायला, सांगून टाकलं, "मी भारतात असा फोटो काढलाय. बेडूक उचलून खाली फुलावर ठेवला होता. त्याला काही झालं नाही."

आबांग रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने हळू आवाजात विचारलं, "काही झालं नाही, हे तुला कसं कळलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"तुझ्या हाताला आत्ता काय लावलंयस?"

डासांचं क्रीम. कोपरापर्यंत.

मग त्याने थोडक्यात सांगितलं. बेडूक पाणी त्वचेतून घेतो, थोडा श्वासही त्वचेतूनच. हाताला जे लागलंय ते त्याच्या अंगात जातं. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभर बेडकांच्या कितीतरी जाती घटल्या आहेत. एकाला हात लावून तोच हात दुसऱ्याला लावला की रोगाला आयती वाट मिळते. "आणि हा इथे फोटोसाठी आलेला नाही," तो म्हणाला. "मादीसाठी आलाय. आजची रात्र पावसाची आहे. पुढची कधी येईल, माहीत नाही. पूर्वी अशी चिखलाची डबकी गेंडेही करायचे. गेंड्यांचं काय झालं माहितीये ना?" मलेशियातला शेवटचा सुमात्रन गेंडा २०१९मध्ये मेला. माझ्या आंबोलीच्या फोटोचं साल तेच.

"तिडाक बोले," तो म्हणाला आणि टॉर्च बाजूला वळवला.

अंधारात उभी असताना मला आंबोली आठवली. आता सांगते ती भानगड. तिथेही जुलै होता, पाऊस होता. तिथलाही बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर होता आणि शेजारच्या पानाला पांढरा फेस चिकटलेला होता. मला तेव्हा तो फेस फ्रेममध्ये नको होता, घाण दिसत होता. ते घरटं असतं. मादी अंडी घालताना मागच्या पायांनी फेस घुसळते, पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात. सोबत वाट दाखवायला आलेला मुलगा कॉलेजात जाणारा होता. तो म्हणाला होता, "राहू दे ना मॅडम." मीच म्हटलं, "उचल ना रे जरा, त्या फुलावर ठेव." वर शंभराची नोट दिली. दीड मिनिटात फोटो झाला. नंतर बेडूक कुठे ठेवला, मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी स्क्रीनमध्ये बघत होते.

दानुमच्या बेडकाची आम्ही चाळीस मिनिटं वाट पाहिली. तो खाली आला नाही. पुन्हा पाऊस सुरू झाला आणि आम्ही परतलो. माझ्याकडे एक फोटो आहे. खालून काढलेला, थोडा हललेला, निम्मा पानाआड.

परतल्यावर मी अ‍ॅडमिनला मेल टाकला, की स्पर्धेचा तो फोटो नियमात बसत नव्हता, बेडूक उचलून ठेवला होता. उत्तर आलं, 'नोटेड. पण ते कॅलेंडर २०२०चं होतं, आता कुणाकडे असणार?' बक्षिसाचं व्हाउचरही केव्हाच संपलं होतं. त्यातून मी फ्लॅशचा डिफ्यूझर घेतला होता.

इथे विषय संपला असता. पण त्या स्पर्धेत दुसरी आलेली मुलगी माझ्याच टीममध्ये आहे. तिने बाल्कनीतल्या बुलबुलच्या घरट्याचा फोटो काढला होता. पक्षी बिथरू नयेत म्हणून दोन आठवडे खिडकी न उघडता, काचेतून. फोटो जरा धूसर होता, म्हणून दुसरा. लंचला तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, "जाऊ दे गं, जुनी गोष्ट." ती तसं म्हणाली नाही. डबा बंद करत म्हणाली, "दोन आठवडे घरात पंखासुद्धा हळू लावायचो आम्ही." आणि उठून गेली. दोन दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी ती माझ्या क्युबिकलशी आली. भिंतीवर नवा फोटो पाहून म्हणाली, "हे काय आहे? काहीच कळत नाहीये." मी सांगितलं. ती बराच वेळ पाहत राहिली. "पाय छान आलेत," म्हणाली.

२०२५च्या जुलैमध्ये आम्ही दोघी आंबोलीला गेलो. रेनकोट, टॉर्च आणि कोरे हात, क्रीम न लावलेले. डास येथेच्छ चावले. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री नऊच्या सुमारास पाण्यावरच्या फांदीवर एक जोडी दिसली आणि पानावर पांढरा फेस, ताजा. दहा फुटांवरून जे मिळेल ते घेतलं. सोबतचा पोरगा, या वेळी दुसराच, आमच्या मोठ्या लेन्सकडे बघत सवयीने म्हणाला, "ताई, फांदी जरा खाली घेऊ?"

"नको रे," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

त्याला हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. त्याने टॉर्च विझवला आणि मग आम्ही तिघं अंधारात नुसतेच आवाज ऐकत बसलो.